न्हाव्याची साक्ष

महाडच्या एका वाचनालयात महिन्याच्या शेवटच्या रविवारी दुपारी आम्ही चार-पाच जण जमतो आणि सर्वांनी वाचलेल्या एका पुस्तकावर बोलतो. त्या महिन्यात रहस्यकादंबरी होती. निवड माझीच होती, आणि शेवटची तीस पाने न वाचताच मी ती केली होती. न्हावी नेमका त्या तीस पानांत येतो.

कादंबरीत एका इनामदाराचा खून होतो. गुप्तहेर चालत्या ट्रकमधून उडी मारतो, पाठलाग करतो. पण गुन्हा सिद्ध होतो तो गावच्या न्हाव्यामुळे. आरोपीची माणसे कोर्टात समोर बसलेली असताना तो सांगतो, की त्या सकाळी दाढी करताना आरोपीच्या मानेवर मी ओरखडे पाहिले.

"यात शूर कोण?" ग्रंथपाल बाईंनी विचारले.

"गुप्तहेर तर नाहीच," निवृत्त एसटी चालक म्हणाले. "कशेडी घाटात सव्वीस वर्षं गाडी चालवली. उतारावर ट्रकमधून उडी मारलेला माणूस मी पाहिलाय. उचलायला चौघे लागले. हा पुढच्या पानावर जिना चढतो!"

पोलादपूरकडच्या एका वाडीतल्या बाई आमच्यात येतात. वय सत्तरीचे. लेक महाडला असते, म्हणून रविवारी येणे होते. अक्षरओळख उतारवयात झाली, आणि आता ज्यात खून नाही असे पुस्तक त्या हातात धरत नाहीत.

"न्हावी शूर," त्या म्हणाल्या. "त्याला बी घरदार व्हतं. तरी बोलला."

"ते पात्र मला पटले नाही," मी म्हणालो. "ज्याला बायकामुले आहेत, दुकान आहे, असा माणूस कोर्टात बोलत नसतो. लेखकाला कथा संपवायची होती, म्हणून त्याला बोलायला लावले." मी सहसा इतके बोलत नाही. त्या दिवशी पाच मिनिटे बोललो.

"साहेब," चालक म्हणाले, "न्हाव्यानं तुमचा कान कापला होता का कधी?"

सगळे हसले. मीही हसलो. पण वाडीतल्या त्या बाईंसमोर असे बोलण्याचा मला अधिकार नव्हता, आणि तो का नव्हता हे फक्त मलाच ठाऊक आहे अशी माझी समजूत होती.

वीसेक वर्षांपूर्वी मी पोलादपूरला कारकून होतो. पोलिसांनी एकदा मला पंच म्हणून नेले. पंचाचे काम सोपे असते: समोर दिसेल ते पाहायचे आणि पंचनाम्यावर सही करायची. या बाईंचे कुटुंब मुंबईला लग्नाला गेले असताना त्यांची आंब्याची झाडे कोणीतरी तोडली होती. ओंडके शेजाऱ्याच्या गोठ्यामागे पेंढ्याखाली सापडले. अकरा झाडांचे बुंधे मी स्वतः मोजले. खटला उभा राहिला. माझ्या साक्षीच्या आदल्या दिवशी तो शेजारी कचेरीत आला, त्याने मला चहा पाजला आणि माझे घर कोणत्या आळीत आहे हे आपुलकीने विचारले. त्याने धमकी दिली असती, तर मला निदान सांगण्यासारखे कारण तरी मिळाले असते. दुसऱ्या दिवशी कोर्टात मी म्हणालो, "सही माझी आहे. मजकूर मला माहीत नाही." आरोपी सुटला.

तेव्हा मला केसही होते आणि मिशीही होती. बाईंनी आपल्याला ओळखले नाही, या भरवशावर मी दोन वर्षे त्यांच्यासमोर बसत होतो.

हसणे ओसरल्यावर न्हाव्याबद्दलचे शब्द मी मागे घेतले आणि हे सारे तिथेच सांगितले.

"ठाऊक हाय," बाई म्हणाल्या. "पयल्याच रविवारी वळखलं."

"मग बोलला नाहीत?"

"मला पुस्तकं वाचायची व्हती."

मी क्षमा मागू लागलो. त्यांनी हाताने थांबवले. "मला कशाला सांगता, भाऊ? झाडं माझीच. आमच्या मालकांनी आपलीच झाडं तोडून शेजाऱ्यावर आळ घेतला, असं अजून बोलतात गावात. शिमग्याला मुंबईवाले आले की गावकी बसते. तिथं येऊन बोला. आन् आत्ता बोललात त्याला शूर नाय म्हणायचं हां."

"नाही," मी म्हणालो.

शिमग्यात मी गेलो. देवळासमोर गावकी बसली होती, म्हणजे अख्ख्या गावाची सभा. पाण्याची मोटर, पालखीचा रस्ता आणि स्पीकरचा वाद आटोपल्यावर माझा विषय आला. शेजारी पुढेच खुर्चीवर होता. थकलेला, कानात यंत्र. मी उभा राहून सर्व सांगितले.

"अंकल, जरा लाऊड बोला," मागून एक मुंबईकर ओरडला. "इथं काय ऐकू येत नाय."

मी पुन्हा पहिल्यापासून सांगितले.

"मग कोर्टात का नाय बोललात?" गावकीच्या अध्यक्षांनी विचारले.

"भीती वाटली."

"कुणाची?"

मी शेजाऱ्याकडे हात केला.

"मी निस्ता चहा पाजला," तो म्हणाला.

"होय. आणि ओंडके तुमच्या गोठ्यामागे होते."

अध्यक्षांनी गावकीच्या वहीत लिहून घ्यायला सांगितले. तेव्हा खांबाला टेकून बसलेले बाईंचे यजमान प्रथमच बोलले.

"झाडं किती लिवलीत?"

"अकरा."

"बारा व्हती. एक बारकं व्हतं, बांधाकडंला."

सगळे माझ्याकडे पाहू लागले. हो म्हणणे सोपे होते, आणि त्यांना ते देणे मला परवडण्यासारखेही होते.

"बारावे मी पाहिले नाही," मी म्हणालो.

त्यांनी वही लिहिणाऱ्याकडे मान वळवली.

"मग अकराच ऱ्हाऊ द्या," ते म्हणाले.