पांढरा कुठं थांबणार

उत्तर सीमेवरच्या बटालियनमध्ये मी हजर झालो तेव्हा कंपनीत गोव्याचे आम्ही दोघेच. मी इब्रामपूरचा लान्स नायक, आणि लाटंबार्सेचे हवालदार विठू गावस. परेडवर ते साहेब, परेड सुटली की दादा.

रिक्रिएशन रूममध्ये पूल टेबल होतं. मी जन्माचा तापट. बॉल दिसला की हाणायचा. तो होलात जायचाही, पण ज्यानं मारायचं तो पांढरा बॉल धावत सुटायचा आणि भलत्याच बॉलामागे अडकायचा. पुढचा शॉट मारायला वाटच नाही. दादा कपाळाला हात लावायचे.

"बॉल कोणय घालता रे. पांढरो खंय थांबतलो, ता आधी सांग."

शेवटी काळा घालेल त्याचा डाव. दादा त्या काळ्यापासून उलटं मोजत यायचे. काळ्यासाठी पांढरा इथं हवा, म्हणून लाल मधल्या होलात, म्हणून त्याआधी पिवळा, आणि तोही हळू.

आमच्या कंपनीचा एक रिवाज होता. डाव चालू असताना हुकूम आला तर बॉल हलवायचे नाहीत. पांढऱ्याभोवती खडूनं गोल काढायचा आणि परत येऊन डाव पुरा करायचा. त्या दिवशी सकाळी नऊला पेट्रोलिंगचा, गस्तीवर निघायचा हुकूम आला. डाव आम्हा दोघांचा चालू होता, पाळी दादांची होती. पिवळा, लाल, काळा एवढेच त्यांचे उरलेले. खडूचा गोल त्यांनीच काढला.

दहा चाळीसला आम्ही नाल्यात होतो. समोरच्या कड्यावरून फायर आला. मी पुढे, स्काउट. वॉकी-टॉकीवर दादांचा आवाज आला.

"डावीकडचा लहान दगड. तिथंच थांब. ओव्हर."

मला त्याच्या पुढं मोठा खडक दिसला. मी तिकडं धावलो. खडक पक्का होता, पण तिथून मागं यायला वीस पावलं उघडी जमीन. आडोसा म्हणून झुडूपही नाही. मी अडकलो. माझ्यावरचा फायर ओढून घ्यायला दादा आडोसा सोडून उजवीकडं सरकले आणि मशीनगन चालवू लागले.

"आता ये. ओव्हर."

मी आलो. ते आले नाहीत. अकरा पाच झाले होते.

दोन दिवसांनी मी टेबलापाशी गेलो. गोल तसाच होता. सुभेदार साहेब म्हणाले, डाव उचल. मी म्हटलं, साहेब, पाळी दादांची आहे. त्यांनी काठी माझ्या हातात दिली. मी पिवळा हळू घातला. लाल हळू घातला. पांढरा त्यांनी म्हटलं होतं तिथंच थांबला. मग काळा. तोही गेला.

सुट्टीवर आलो तो आधी लाटंबार्सेला गेलो. वहिनींना सगळं सांगितलं, अर्धा राहिलेला डावही. थांब म्हटलं तिथं मी थांबलो नाही, हेही सांगितलं. दादांनी त्यांना पत्रांतून माझ्याबद्दल लिहिलेलं होतं. त्यांनी विचारलं,

"मगे तो डाव कोणी जिंकलो?"

"दादांनी," मी म्हटलं.