आप्पांचं फुकटचं विमान

गडहिंग्लजहून पहाटेच्या एसटीने बेळगाव आणि तिथून चोर्ला घाटाने गोवा, अशी आमची वाट ठरली होती. आम्ही म्हणजे मी आणि माझे वडील, आप्पा. आप्पांनी पंचवीस वर्षं गोव्यात गवंडीकाम केलं. आधी साखळी आणि डिचोली, शेवटी पेडणे तालुक्यातलं मोपा. त्या पैशावर मी शिकलो, आमच्या घरातला पहिला पदवीधर झालो आणि कोल्हापुरात एका महाविद्यालयाच्या कार्यालयात चिकटलो. मोपाला विमानतळ झाला तेव्हा त्याच्या फरशा बसवणाऱ्या टोळीत आप्पा होते. काम संपलं, टोळी गावाकडे परतली. तिथून विमान उडताना आप्पांनी कधी पाहिलं नाही. त्यांना त्याच विमानतळावरून विमानात बसवायचं, हे मी नोकरी लागल्या दिवशी ठरवलं होतं.

आप्पांची एकच अट होती. "तुझं पैसं घालून उडायची मला हौस न्हाई. फुकट आसंल तर येतो."

फुकटसाठी माझ्याकडे क्रेडिट कार्ड होतं. खर्च केला की पॉइंट, पॉइंट जमले की विमानाचं तिकीट. कार्डासोबत आलेलं बारीक अक्षरांचं पुस्तक मी परीक्षेला बसल्यासारखं पेन्सिलीने खुणा करत वाचलं. त्यातून कळलं की पेट्रोल, विजेचं बिल आणि घरभाडं यांना पॉइंट नाहीत. म्हणजे माझा पगार ज्यावर जातो, नेमकं त्यालाच काही नाही. तरी दोन वर्षं मी चिकाटीने पॉइंट जमवले. मोपा ते पुणे अशा दोन तिकिटांना थोडेच कमी होते, आणि ते भरून निघण्याची सोय होती: शनिवारपर्यंत आणखी साडेसहा हजारांचा खर्च कार्डावर झाला की वर्षाचा टप्पा पूर्ण आणि जादा पॉइंटचं बक्षीस. विमान रविवारी दुपारचं. शनिवारी खर्च पुरा करायचा आणि संध्याकाळी तिकिटं काढायची, असा माझा हिशेब होता. गोव्यात पैसे खर्च करायला काय लागतं, असं मला वाटलं होतं.

शुक्रवारी दुपारी साखळीला उतरलो. वाळवंटी नदीच्या बाजूने वारा येत होता, पण ऊन मे महिन्याचं. बाजारात जुन्या दुकानांच्या ओळीत एक मोठं भांड्यांचं दुकान दिसलं. काउंटरवर कार्डाचं मशीन होतं. मी आप्पांना म्हटलं, "आईला थोडी भांडी घेऊ." एक मोठा कुकर, डब्यांचा संच, जाड बुडाची दोन पातेली आणि एक पितळी समई असा ढीग मी काउंटरवर मांडला. मनात बेरीज चालू होती. सहा हजारांच्या वर जात होतं.

आतून मालक आले. सत्तरीचे, पांढरा लेंगा, कपाळाला गंध. त्यांनी माझ्याकडे पाहिलंच नाही.

"मारुती मेस्त मरे तू?" (मेस्त म्हणजे कारागीर.)

"व्हय, रामनाथ शेट," आप्पा म्हणाले.

"ही लादी पळय." शेटनी पायाखालची फरशी दाखवली. "वीस वर्सां जाली. तुवें घातल्ली. एक हालूंक ना." (एकही हललेली नाही.)

दोघे बराच वेळ त्या फरशीकडे पाहत उभे राहिले. मी खाकरून कार्ड पुढे केलं. शेटनी ढिगाकडे पाहिलं.

"पुता, घरात कुकर आसा?"

"आहे."

"बरो आसा?"

"चांगला आहे."

"मग हो कित्याक?" म्हणत त्यांनी कुकर उचलून पुन्हा फळीवर ठेवला. डब्यांचंही तेच झालं. पातेल्यांचं बूड बोटाने वाजवून म्हणाले, "तुमगेर चूल आसा न्हय? हीं नाका." (ही नकोत.) माझ्या डोळ्यांदेखत सहा हजारांचा ढीग समईवर आला. समई त्यांनी वर्तमानपत्रात गुंडाळली, सुतळी बांधली आणि आप्पांच्या हातात दिली.

"पयशे नाका." (पैसे नकोत.)

"काका, असं कसं? निदान कार्डाने तरी घ्या," मी म्हणालो.

"कार्डान घेतल्यार ते पयशे न्हय?"

मी पदवीधर आहे, पण हा प्रश्न मला कुणी विचारला नव्हता.

दुकान बंद करून शेट आम्हांला घरी घेऊन गेले. शीत (भात), तोय (वरण) आणि नारळाच्या वाटणातली मुगागाठी, म्हणजे मोड आलेल्या मुगांची आमटी. जेवण इतकं चांगलं होतं की पैसे घेतले असते तर मी आनंदाने दुप्पट दिले असते. संध्याकाळी मी लॉजचं नाव काढलं. शेटांच्या पत्नी दारात उभ्या राहून म्हणाल्या, "मेस्तान ह्या घराच्यो पायऱ्यो घातल्यो. तो लॉजार न्हिदतलो?" (लॉजवर झोपणार?) झालं. मुक्कामही फुकट. उडण्यासाठी जे फुकट हवं होतं ते मिळेना, आणि बाकी कशाचेही पैसे कुणी देऊच देत नव्हतं. झोपताना आप्पा समाधानाने म्हणाले, "माणसं चांगली हायीत." मी म्हणालो, "फारच."

शनिवारी सकाळच्या बसने डिचोलीला आलो. इथे आप्पांना कुणी ओळखू नये अशी मी मनोमन प्रार्थना केली. बसस्टँडजवळच्या विजेच्या वस्तूंच्या दुकानात मिक्सर मागितला. दुकानदाराने कार्ड पाहून तोंड वाकडं केलं. "यूपीआय कर मरे."

"नाही, कार्डच."

"कार्डाक दोन टक्के वयर."

"चालेल."

त्याने आप्पांकडे पाहून विचारलं, "चेडो कितें काम करता?" (मुलगा काय करतो?)

"कालिजात हाय," आप्पा म्हणाले.

"तरीच."

मशीनमध्ये कागद नव्हता. शेजारच्या औषधाच्या दुकानातून कागदाची गुंडाळी आणेपर्यंत आमची बस गेली. पण बत्तीसशे रुपये कार्डावर चढले. अर्धं काम झालं, आणि मिक्सरचं खोकं माझ्या खांद्यावर आलं.

"घरात मिक्सर हाय की," आप्पा बसमध्ये म्हणाले.

"जुना झालाय."

"गेल्या दिवाळीत तूच आणलास."

मी खोकं सीटखाली सरकवलं.

म्हापसा, पेडणे असं करत पार्सेला पोचलो तेव्हा काजूचा हंगाम संपत आला होता. रस्त्याच्या कडेला एक बाई काजूच्या बिया भाजून, फोडून विकत होत्या. बोंडांचा आंबूस वास सगळीकडे भरून होता. आप्पांना गावी वाटायला काजू हवे होते, आणि मला तीन हजारांचे काजू चालले असते. मी कार्ड काढलं. बाईंनी ते हातात घेतलं, उलटं-सुलटं करून पाहिलं आणि परत दिलं.

"बाबा, हांगा झाड आसा, भट्टी आसा, मेशीन ना." (इथे झाड आहे, भट्टी आहे, मशीन नाही.)

"जवळपास कुठे असेल?"

"आसा की. मोपा विमानतळार. थंयसर काजू महाग आसत, पूण कार्ड घेतत."

शेजारी बसलेली त्यांची जाऊ पदराआड हसली. आप्पांनी तोवर बनियनच्या खिशातून नोटा काढून एक किलो काजू घेतलेही होते. मी म्हणालो, "आप्पा, सगळं मी देणार असं ठरलं होतं ना?" ते म्हणाले, "तू कधी देणार? तुझं मशीनच सापडंना."

केरीला पोचलो तेव्हा चार वाजले होते. सुरूच्या झाडांमागे समुद्र, आणि खाडीच्या पलीकडे तेरेखोलचा किल्ला. आप्पा म्हणाले पलीकडे जाऊन येऊ. फेरीबोट उभी होती. मी मोठ्या आशेने तिकिटाची खिडकी शोधू लागलो. खलाशाने हात हलवला, "चलत वचपाक पयशे ना." पायी जाणाऱ्याला पैसे नाहीत. मी मिक्सर मांडीवर घेऊन बोटीत बसलो. सगळा गोवा माझ्याविरुद्ध दानशूर झाला होता. आप्पा मात्र कठड्याला टेकून पाण्याकडे पाहत होते. एवढी वर्षं गोव्यात काढून ते हौसेखातर बोटीत कधी बसले नव्हते, हे मला तेव्हा कळलं. रविवारी सुट्टी असली तर कपडे धुवायचे असायचे, असं ते म्हणाले. माझा वैताग थोडा वेळ ओसरला.

परत येऊन किनाऱ्याजवळच्या एका छोट्या हॉटेलात खोली घेतली. मालकीण शोभाबाय, पन्नाशीच्या, आवाज खणखणीत.

"कार्ड घेता?"

"घेता. पूण वयर चल."

वर म्हणजे गच्चीवर. खाली रेंज नव्हती. पाण्याच्या टाकीवर चढून शोभाबायनी मशीन हातात उंच धरलं, समुद्राच्या दिशेने. खालून मी आकडे सांगत होतो. तीनदा नापास झालं. चौथ्यांदा त्या म्हणाल्या, "भाऊ, श्वास घेऊ नाका," आणि खरंच मी घेतला नाही. चोवीसशे रुपये गेले. मी टाळी वाजवली. पैसे गेल्यावर टाळी वाजवणारं गिऱ्हाईक शोभाबायनी पहिल्यांदाच पाहिलं असावं.

नऊशे राहिले. ते मी जेवणात काढायचे ठरवले. दोन ताटं, एक तळलेली सुरमई, तरी पुरेना म्हणून आणखी एक सुरमई, आणखी सोलकढी.

"माणसं किती, मासं किती?" आप्पा ताटाकडे पाहून म्हणाले.

"खा आप्पा, उद्या विमानात मिळणार नाही."

पुन्हा गच्ची, पुन्हा टाकी. सूर्य मावळता मावळता पैसे गेले आणि काही क्षणांत माझ्या फोनवर संदेश आला. अभिनंदन, आपण वर्षाचा टप्पा पूर्ण केला आहे. जादा पॉइंट सात कामकाजाच्या दिवसांत जमा होतील.

मी ते वाक्य टाकीजवळ उभा राहून पाच वेळा वाचलं. सात दिवस. पुस्तकाच्या शेवटच्या पानावर ही अट असणारच. मी पेन्सिल घेऊन वाचत होतो, तेव्हा शेवटच्या पानाआधी एसटी आली असेल. विमानाचं पान उघडलं. मधल्या दोन दिवसांत तिकीट दुपटीहून महाग झालं होतं, आणि तिकीट महागलं की त्याला पॉइंटही जास्त लागतात. आता माझ्याकडच्या पॉइंटमध्ये दोन सोडाच, एकही तिकीट बसत नव्हतं.

खाली उतरलेल्या शोभाबायना आप्पा सांगत होते, "उद्या विमानानं जायचंय. पोराच्या कार्डावर फुकट हाय."

"फुकट? नशीबवान रे तू, बाबा."

मिक्सरचं सोडलं तर आप्पांशी मी आजवर खोटं बोललो नव्हतो. नापास झालेली गणिताची सहामाहीसुद्धा मी त्यांना दाखवली होती. खोलीचे पैसे ज्या कार्डाने भरले त्याच कार्डाने मी दोन्ही तिकिटं पूर्ण पैसे देऊन काढली, गच्चीवरून खाली आलो आणि म्हणालो, "झालं आप्पा. निघाली तिकिटं."

"फुकट न्हवं?"

"फुकट."

रविवारी टॅक्सीने मोपाला गेलो. टॅक्सीचे पैसे रोख. आत शिरताच आप्पांनी छताकडे किंवा दुकानांकडे पाहिलं नाही. मान खाली घालूनच चालत होते. एका खांबाजवळ ते खाली बसले आणि बोटाच्या पेराने फरशी वाजवली, मग पुढची, मग तिच्या पुढची. पोकळ असेल तर आवाज वेगळा येतो. ट्रॉली ढकलत जाणारी एक बाई थांबली.

"आजोबा, काही पडलं का?"

"न्हाई बाई. बघतोय, नीट बसलीया का."

"मग?"

"बसलीया."

विमानात त्यांना खिडकी दिली. चाकं सुटली तेव्हा त्यांनी माझं मनगट धरलं, आणि वर गेल्यावर सोडलं. खाली लाल माती, हिरवी झाडं, मधून नदीची चकाकती रेघ. डिचोलीच्या बाजूला खाणींचे खड्डे दिसत होते. आप्पा काचेला नाक लावून होते. पुण्यापर्यंत एकच वाक्य बोलले, "फुकटात एवढं दावत्यात म्हंजे कमाल हाय." पैसे गेल्याचं माहीत असतं तर ते सबंध वेळ समोरच्या सीटच्या पाठीकडे पाहत बसले असते, हे मला पक्कं ठाऊक आहे.

पुण्याहून रातराणीने घरी आलो. मिक्सर आईला दिला. तिने तो जुन्याच्या शेजारी ठेवला.

वाचकांनी कार्ड घ्यावं की नाही हे मी सांगणार नाही. शेवटचं पान आधी वाचावं आणि ज्याला फिरवायचं त्याला पॉइंटच्या भरवशावर ठेवू नये, एवढंच सांगतो. कारण माझी पंचाईत अजून संपलेली नाही. आप्पांनी गल्लीभर सांगितलं की कार्ड असलं की विमान फुकट असतं. मागच्या रविवारी चौघेजण आमच्या ओट्यावर येऊन बसले होते. एकाने तर मुलाच्या लग्नाच्या वऱ्हाडाचं विचारलं. मी अटी सांगू लागलो. आप्पा मधेच म्हणाले, "त्याच्या अटींकडं लक्ष देऊ नगासा. मी सोता बसून आलोय."

चौघे गेल्यावर आईने चहाचे कप गोळा करता करता विचारलं, "माझं फुकटचं कधी येतंय?"

"दिवाळीपर्यंत जमतील पॉइंट," मी म्हणालो.

दुसऱ्या दिवशी कोल्हापूरला पोचल्यावर पोस्टात गेलो आणि तिच्या तिकिटासाठी दरमहा बाराशेचं खातं उघडलं.