हिराशेठचा माल आणि तिसरा रकाना

आमच्या मंडळात काहीच टाकून देत नाहीत. चिवड्याच्या पाकिटाला लावलेलं रबरसुद्धा पुढच्या वेळी कुणाच्या तरी खिशातून निघतं. किस्से तर मुळीच वाया जात नाहीत. कुणीतरी नुसतं ‘दोर’ म्हणतं आणि बाकीचे पोट धरून हसायला लागतात. शेजारी बसलेल्या नव्या माणसाला वाटतं, यांना काहीतरी झालंय!

म्हणून एकदाचं सगळं सांगूनच टाकते. यातला एक किस्सा घडत होता तेव्हा मात्र तो किस्सा नव्हता. आमच्या सुधीरच्या दुकानाचं लायसन्स जायची वेळ आली होती, आणि तीही आमच्या खेळापायी. लायसन्स वाचलं म्हणून आज तोंड उघडते आहे. नाहीतर देवाशप्पथ सांगते, मी हा विषयच काढला नसता.

आम्ही कॉलेजातले चौघं. मी यवतमाळला शाळेत विज्ञान शिकवते. प्रज्ञा लोहाऱ्याला एका कारखान्यात तयार माल तपासते. रोशन वणीला कोळशाच्या ट्रकांचं काम बघतो. आणि सुधीरचं दारव्ह्याला बी-बियाण्यांचं दुकान आहे, वडिलांनी सुरू केलेलं. एक रविवार सोडून दुसऱ्या रविवारी, दुपारची जेवणं झाली की, प्रज्ञाच्या घरी आमचा खेळ बसतो.

खेळ सोपा आहे. एकाने गोष्ट सांगायची, बाकीच्यांनी त्या गोष्टीतली माणसं व्हायचं, आणि अडलं की वीस बाजूंचा फासा टाकायचा. राक्षस, किल्ले, जादू, सगळं तोंडानेच! गोष्ट सांगणारी मी. रोशन कुऱ्हाडवाला योद्धा, प्रज्ञा जादूगारीण. सुधीर कोण, ते आता सांगते.

*

आमच्या गोष्टीत एक लबाड व्यापारी होता, हिराशेठ. राक्षसाच्या गुहेला जाणाऱ्या वाटेवर त्याचं दुकान. सगळा माल भंगार, बोलणं मात्र साखरेत घोळलेलं. सुरुवातीला हिराशेठ मीच करायचे.

मला ते काही जमेना. तलवार विकायला काढली की मला आधी हसू यायचं. एकदा तर मी रोशनला म्हणाले, “घ्या योद्धे, अस्सल पोलादी तलवार! फक्त ओल्या जागी ठेवू नका, गंज चढेल.” वर गंज का चढतो तेही समजावून सांगितलं.

“अवं, तू माल विकून राह्यली का नववीचा धडा घेऊन राह्यली?” रोशन वैतागला.

तेव्हा सुधीर पहिल्यांदा पुढे सरकला. “द्या मले. मी करतो हिराशेठ.”

आम्ही तिघं त्याच्याकडे बघतच राहिलो. कारण दारव्ह्यात सुधीरची ख्याती अशी, की गिऱ्हाईक फवारणीचं औषध मागायला येतं आणि हा म्हणतो, “काका, पिकावर किडा आहे काय? नाही ना? मंग कायले पायजे? घरी जा.” त्याचे वडील गल्ल्यावर बसून कपाळाला हात लावतात.

“तुले खोटं बोलता येते काय बाबू?” प्रज्ञाने विचारलं.

सुधीर म्हणाला, “आठवडाभर दाबून ठेवलं आहे. येईन आपोआप!”

*

आलं की! पहिल्याच दिवशी त्याने रोशनला दोर विकला.

“योद्धेबुवा, या दोराले हत्ती लटकवा, हत्ती तुटन पण दोर तुटणार नाही.”

रोशन हुशार. त्याने दोर ताणून पाहिला. दगडावर घासला. कुऱ्हाडीचे तीन घाव घातले, फासाही चांगला पडला. दोराला काही झालं नाही. छाती फुगवून दोर घेऊन आला.

मग अंधारी विहीर लागली. रोशनने दोर झाडाला बांधला आणि उतरला. मी म्हटलं, “गाठ सुटली.” त्याने चढून पुन्हा बांधला. पुन्हा सुटली! तिसऱ्यांदा योद्धा कुऱ्हाडीसकट विहिरीत.

दोर खरोखर तुटत नव्हता. त्याला फक्त गाठ बसत नव्हती.

“रोशन,” प्रज्ञा म्हणाली, “तुह्या ट्रकवर रोज ताडपत्र्या बांधतात. आणि तुनं गाठ मारून नाही पाह्यली?”

रोशन विहिरीतूनच ओरडला, “मी काय गाठी मारतो काय? मी गाठी मारायले सांगतो!”

*

पण विहिरीतून बाहेर आल्यावर रोशन भांडायलाच उठला. त्याचं म्हणणं, दोराची खोट आम्ही आयत्या वेळी काढली. “आधी चांगला होता दोर! मी उतरलो तेव्हा खराब केला तुमी!”

मुद्दा बरोबर होता. लबाडीलाही काही शिस्त हवी. तेव्हा नियम ठरला: हिराशेठने मालाची यादी आधी कागदावर लिहायची आणि घडी घालून माझ्याकडे द्यायची. तीन रकाने. पहिला, माल. दुसरा, शेठ काय सांगतो. तिसरा, खरं काय. भांडण झालं की मी कागद उघडून तिसरा रकाना वाचणार.

पुढच्या खेळाला सुधीरने यादी आणली. दुकानाच्या लेटरपॅडवर! वर दुकानाचं नाव, खाली तारीख, सही, आणि गोल शिक्का.

“शिक्का काहून मारला बाप्पा?” मी विचारलं.

तो जरा ओशाळला. “सवय आहे वं. शिक्का नसला तर कागद खोटा वाटते.”

प्रज्ञा म्हणाली, “बेइमानीची पक्की पावती देणारा हा पहिला दुकानदार!”

तेव्हा आम्ही खूप हसलो. ते हसणं पुढे घशात अडकणार होतं.

*

प्रज्ञाला फसवणं सोपं नव्हतं. तिचं आयुष्यच मालात खोट काढण्यात जातं. तिने हिराशेठची ढाल वाजवून पाहिली आणि पुठ्ठा ओळखला. कंदिलात तेल ओतून पाहिलं आणि गळती ओळखली. हिराशेठला घाम फुटला.

मग त्याने बिनआवाजाचे जोडे काढले. “बाई, हे घालून वाघाच्या कानाशी नाचा, वाघ कूसही बदलणार नाही.”

सहा जोडे होते, पोत्यात भरलेले. प्रज्ञाने पोत्यात हात घातला, एका पायाचा जोडा बाहेर काढला. शिवण पाहिली, तळ वाकवला, पाण्यात बुडवला, घालून चालली. आवाज नाही. एकदम उत्तम!

“पास,” ती म्हणाली, आणि पोतं उचललं.

राक्षसाच्या गुहेसमोर पोतं उघडलं. बाराच्या बारा पाय डावे!

“दहातला एक काढून पाह्यचा, हीच तर पद्धत आहे,” प्रज्ञा रडकुंडीला आली. “आमच्या कारखान्यात असंच करतात!”

गुहेत ही माणसं अशी चालली, की राक्षस झोपेतून उठला तो आवाजाने नाही, हसू आवरेना म्हणून.

दुसऱ्या दिवसापासून तिने कारखान्यात पोतं पूर्ण ओतून पाहायला सुरुवात केली, असं तिच्या साहेबांनी तक्रारीच्या सुरात सांगितलं.

*

एवढा पक्का लबाड झालेला सुधीर एकदाच हरला. गोष्टीत मी एक म्हातारी आणली. नातू तापाने फणफणलेला, औषध घ्यायला हिराशेठकडे आलेली. त्या दिवशीच्या यादीत संजीवनी काढा होता आणि तिसऱ्या रकान्यात ‘चिंचेचं पाणी’.

म्हातारीच्या आवाजात मी म्हटलं, “शेठ, यानं बरं वाटन ना पोराले?”

सुधीरने काढा द्यायला हात पुढे केला आणि मागे घेतला. आम्ही वाट पाहतोय. शेवटी तो खाली मान घालून म्हणाला, “माय, हे नको घेऊ. पोराले सरकारी दवाखान्यात ने.”

“अबे, त्या राज्यात सरकारी दवाखाना कुठून आला?” रोशन ओरडला.

“मंग बांध ना एखादा!” सुधीर माझ्यावरच चिडला.

मी बांधला. अजून आहे आमच्या नकाशात, हिराशेठच्या दुकानाशेजारी.

*

आता तो प्रसंग. पेरणीचे दिवस होते. बोगस बियाण्यांच्या तक्रारी सगळीकडे चालू होत्या आणि दारव्ह्यात तपासणीला नवे साहेब आले होते. एका बुधवारी ते सुधीरच्या दुकानात शिरले. हसत नाहीत, चहा घेत नाहीत. बिलं पाहिली, साठा मोजला, बियाण्यांच्या पिशव्यांवरचे नंबर रजिस्टरशी ताडून पाहिले. सगळं बरोबर.

मग त्यांनी काउंटरचा ड्रॉवर ओढला. त्यात येत्या रविवारची यादी.

आता त्या रविवारी आमच्या गोष्टीत उंदरांनी पछाडलेलं एक गाव यायचं होतं. मीच सुधीरला सांगितलं होतं, “शेतकऱ्यांना विकायचा माल आण.” साहेबांनी मोठ्याने वाचलं:

“माल, उंदीरमार गोळ्या. शेठ काय सांगतो, एका गोळीत शंभर उंदीर मरतात. खरं काय, उंदीर जाडे होतात.”

दुकानात पाच-सहा गिऱ्हाइकं होती. सगळी काउंटरकडे सरकली.

“माल, रातोरात उगवणारं बियाणं. शेठ काय सांगतो, सकाळी उठून पाहा. खरं काय, झाड उगवतं, पण रात्रीच चालत शेजाऱ्याच्या वावरात जातं.” साहेबांनी कागद उलटा करून पाहिला. “हे काय आहे? शिक्का तुमचाच ना? सही तुमचीच?”

“माहीच आहे साहेब,” सुधीर म्हणाला. खोटं बोलायची एवढी सोय असताना! “पण तो खेळ आहे.”

“बियाण्यांचा खेळ?”

सुधीरने घाबरून मला फोन लावला आणि स्पीकरवर टाकला. मी शाळेच्या व्हरांड्यात होते. साहेबांनी विचारलं, “तुम्ही यांच्याकडून माल घेता?”

मी गडबडले. “नाही नाही साहेब, मी फक्त याद्या जमा करते.”

“किती याद्या आहेत?”

“असतील चाळीसेक.”

 मग मदत म्हणून मी रोशनला त्याच कॉलवर घेतलं. साहेबांनी विचारलं, “यांनी तुम्हाला कधी फसवलंय का?” रोशन खेळातलंच समजून म्हणाला, “हो साहेब! लय फसवलं यानं मले! दोर दिलता, मी डायरेक विहिरीत!”

फोन बंद झाला.  त्या दुकानावर सुधीरच्या वडिलांनी तीस वर्षं काढली आहेत. एका शेऱ्याने लायसन्स गेलं असतं, आणि लायसन्सच्या आधी नाव गेलं असतं. नववी ‘अ’ समोर काय शिकवलं ते मला आजही आठवत नाही.

पुढचं सुधीरने सांगितलं. गिऱ्हाइकांतले एक काका पुढे आले आणि म्हणाले, “साहेब, मी चार वर्षांपासून याले औषध मागून राह्यलो. हा म्हणते, किडा दाखव, तवा देतो. हा कायले कोणाले फसवते?” मग जरा थांबून म्हणाले, “आन ते चालणारं बियाणं जर खरंच असन, तर माह्या शेजाऱ्याले द्या. झाड माह्याच वावरात येईन.”

दुकानात हसू फुटलं. साहेब हसले नाहीत. त्यांनी पुन्हा एकदा सगळा कागद वाचला, खिशातलं पेन काढलं, खाली बराच वेळ काहीतरी लिहिलं, घडी घातली आणि सुधीरच्या हातात दिला. “रजिस्टर ठीक आहे,” एवढंच म्हणाले आणि पुढच्या दुकानात गेले.

सुधीरने तो कागद उघडलाच नाही. बुधवार, गुरुवार, शुक्रवार, शनिवार. वडिलांनाही उघडू दिला नाही. रविवारी प्रज्ञाच्या घरी आला तेव्हा त्याचा चेहरा उतरलेला. कागद माझ्यासमोर ठेवला.

“साहेबांनी शेरा मारला आहे. तूच वाच. माह्यानं होत नाही.”

प्रज्ञाने चहा ठेवायचं थांबवलं.  मी घडी उलगडली. सुधीरच्या अक्षरातल्या यादीखाली निळ्या शाईत, सुबक अक्षरात, एक नवीन ओळ होती. तिन्ही रकाने बरोबर भरलेले. मी वाचलं:

“माल: तपासणी साहेब, एक नग. शेठ काय सांगतो: दारात उभा केला की चोर पळून जातात. खरं काय: चोर जागचे हलत नाहीत, सावालाच घाम फुटतो.”