कॅल्क्युलेटर गारखेड्यात, नकाशा चिकलठाण्यात

थांबा, बाकीचं सगळं राहू द्या, हे मला आत्ताच्या आत्ता सांगायचंय, नाहीतर पोटात दुखत राहील. अख्ख्या मराठवाड्यात कॉम्प्युटरच्या विंडोंना वळण लावणारा एकच माणूस आहे आणि तो नेमका माझा मावसभाऊ आहे, आमचा दादा. दुसऱ्या कुणाचा असता तर मी कौतुक केलं असतं. खरंच केलं असतं.

म्हणजे बघा, आपण कॅल्क्युलेटर उघडला की तो स्क्रीनवर वाटेल तिथं टपकतो. आपण माउसनं धरून बाजूला ढकलतो, विषय संपला. दादाला हे सहनच होत नाही. "पाव्हणा घरात आल्यावर त्याला खुर्ची दाखवायची असती, उचलून ठिवायचा नसतो," असं तो म्हणतो. म्हणून त्यानं कुठूनसा एक छोटा प्रोग्राम शोधून काढला, त्यात रूल लिहिले, आणि कोणती विंडो कुठं, केवढी उघडणार हे कायमचं ठरवून टाकलं. बरं, जागा लक्षात कशा ठेवायच्या? तर त्यानं स्क्रीनवर आमचं अख्खं शहर बसवलं! वरचा भाग हर्सूल, डावीकडं छावणी, उजवीकडं चिकलठाणा, खाली गारखेडा. कॅल्क्युलेटर गारखेड्यात, मेल हर्सूलला, गिऱ्हाईकांचे नकाशे चिकलठाण्यात. मधोमध क्रांती चौक, शहरातले सगळे मोर्चे जमतात तो, तिथं काहीही उघडायला बंदी. एखादा एररचा मेसेज आगाऊपणे तिथंच उघडला की दादा शांतपणे म्हणणार, "मोर्चा आला." आणि हात बांधून बसणार. जसं काही पोलीसच तो पांगवणार आहेत!

आम्ही दोघं जालना रोडवरच्या एकाच ऑफिसात, शेजारशेजारच्या टेबलांवर, प्लॉटिंगचे नकाशे काढायचो. दुष्काळाची वर्षं होती. नळाला आठ-आठ दिवस पाणी नाही, आणि शहर मात्र असं पसरू लागलेलं की सोमवारी ज्वारीचं रान असलेली जमीन शुक्रवारी आमच्या स्क्रीनवर तीस फुटी रस्त्यासकट तयार. मावशीच्या गल्लीत टँकर यायचा तेव्हा ही झुंबड. पण दादानं अंगणात खडूनं गोल आखून ठेवलेले. हा गोल पिंपाचा, हा हंड्याचा, ही कळशी कोपऱ्यात. पाइप एकदा आत आला की क्रमानं सगळं भरून बाहेर, एक थेंब सांडायचा नाही. टँकरवाला म्हणायचा, "वा भाई, तुम्हारे घर आके दिल को सुकून मिलता." आणि माझी आई मला म्हणायची, "बघ जरा त्याच्याकडं. नाहीतर तू. तुझी ओढणी कपाटात नसती, कपाट ओढणीत असतं." आता सांगा, अशा माणसावर जळायचं नाही तर काय करायचं?

तर, शेंद्र्याला आमचं नवीन ऑफिस निघणार होतं. एकच जागा. पगार बरा, दोन मोठ्या स्क्रीन, आणि मुख्य म्हणजे नकाशावर खाली आपलं नाव. सरांच्या मनात दादाच होता, हे ऑफिसच्या पंख्यालासुद्धा माहीत होतं. मला ती जागा इतकी हवी होती की मी मनातल्या मनात तिथल्या खुर्चीची उंचीसुद्धा ठरवून ठेवली होती.

आणि मग एक दिवस शेंद्र्याकडच्या एका काकांचा फोन आला. मोठे जमीनवाले, त्यांच्याच रानाचा नकाशा चाललेला. त्यांना एकच बघायचं होतं, विहीर मोकळ्या जागेत सोडली का तिच्यावर प्लॉट पडला. फोन स्पीकरवर. "पोरा, माझा नकाशा कुठं हाय?" दादाचं डोकं रेषांमध्ये. मान वर न करता तो म्हणाला, "काका, चिकलठाण्यात उघडून ठिवलाय. कवाबी या, बघून घ्या." "बरं बरं," म्हणत काकांनी फोन ठेवला.

मी ऐकलं. मला लगेच कळलं. "अहो काका, स्क्रीनवरचं चिकलठाणा!" एवढंच ओरडायचं होतं. मी माझ्या कीबोर्डवरची धूळ पुसत बसले.

चार वाजता काका आले, सोबत दोन भाऊ, तिघंही उन्हानं तांबडेलाल. "दोन तास हुडकू लागलोय! सगळं चिकलठाणा पालथं घातलं. शेवटी म्हणलं एवढं मोठं उघडून ठिवायचं म्हंजी तिथल्या इमानतळावरच आसंल. तिथला गेटवरचा म्हणतो, चाचा, तिकीट दिखाव. म्हणलं तिकीट नाय बाबा, सातबारा हाय!"

ऑफिस फुटलं हसून. सर तेवढे हसले नाहीत. काका जाता जाता म्हणाले, "ह्यो पोरगा आमच्याकडं शेंद्र्याला धाडू नका. ह्येचा पत्त्याचाच घोळ हाय." सरांनी मला विचारलं, "तू तर शेजारीच होतीस. तुला ऐकू नाही आलं?" मी म्हणाले, "नाही सर, हेडफोन लावला होता."

माझा हेडफोन त्या वेळी दादाच्या ड्रॉवरमध्ये होता. वायर तुटलेली, मीच त्याला दुरुस्तीला दिलेला. दादानं माझ्याकडं पाहिलं, मग ड्रॉवरकडं. आणि म्हणाला, "व्हय सर. तिला कसं ऐकू येणार? चूक माझीच हाय."

शेंद्र्याची जागा मला मिळाली. दोन मोठ्या स्क्रीन, आणि दोन्हींवर गोंधळ. मेल नकाशावर, नकाशा कॅल्क्युलेटरवर, मी प्रत्येकाला ढकलत बसलेली. कुणाला सांगणार? मग परवा दादाचा मेल आला. मजकूर काहीच नाही, फक्त रूलची एक फाइल. मी ती चालू केली आणि एकेक विंडो आपापल्या जागी जाऊन बसली. त्याच्या जागी नाही हं, माझ्या! मेलची अक्षरं मोठी, कारण मी नाक लावून वाचते. कॅल्क्युलेटर डावीकडं, कारण उजव्या हातात माझा चहा असतो. एकच कोपरा रिकामा, उजवीकडं वरती. वाटलं, विसरला. चला, एक तरी चूक सापडली! आनंदानं फाइल उघडली, तर त्या कोपऱ्याच्या रूलसमोर त्यानं लिहून ठेवलेलं: "इथं काही उघडायचं नाही. विचार करताना ती इकडं बघते."

परवापासून मी त्या कोपऱ्यात बघत बसलेय. सरांना खरं सांगायला फोन हातात घेते, परत ठेवते. आणि खरं सांगू? अजूनही जळतेच आहे मी. त्याच्या जागी मी असते तर मला असली फाइल करता आली नसती. दादा विचार करताना कुठं बघतो, मला माहीतच नाही. एवढी वर्षं शेजारी बसून.

तुमचं झालंय का हो कधी असं? ज्याच्यावर आपण जळत राहिलो, तो सगळा वेळ आपल्याकडं नीट बघत होता, असं?