कमलअक्कांनी आखलेली वाट

कमलअक्कांना अंतर विचारलं की त्या बर्फात सांगायच्या. जळगावहून भुसावळ किती लांब? "पाव बर्फ." मुक्ताईनगर? "अर्ध्याले थोडं कमी." धुळे? "आख्खा बर्फ, अन् वरून नशीब." मी कनिष्ठ महाविद्यालयात भूगोल शिकवतो, त्यामुळे हे माप मला पहिल्याच भेटीत खटकलं. मी त्यांना किलोमीटर समजावून सांगितले. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "उन्हायातले का हिवायातले?" मी चहाचं कौतुक केलं.

अक्का सरकारी नर्स होत्या. रावेरच्या वर, सातपुड्याच्या पायथ्याच्या एका उपकेंद्रात त्यांची सगळी नोकरी गेली. लसींचा डबा खांद्याला अडकवून डोंगरातल्या पाड्यांवर जायचं, हे त्यांचं काम. सुरुवातीच्या काळात तर थर्मासमध्ये बर्फ भरून त्यात लस ठेवायची, आणि तो विरघळायच्या आत शेवटच्या लेकराला सुई टोचायची. "बर्फ हाये तवर आपन नर्स," त्या म्हणायच्या, "बर्फ गेला का निस्ते फिराले आलो." पुढे चांगले डबे आले, पण माप तेच राहिलं. निवृत्तीच्या तोंडावर गुडघा मोडला आणि त्या जळगावात आमच्या शेजारी दोन खोल्यांत येऊन राहिल्या. संसार मांडला नव्हता. आल्यागेल्याला 'बस' म्हणायच्या आणि उठू लागला की पुन्हा 'बस' म्हणायच्या.

आता माझ्या सायकलीबद्दल सांगायला हवं, जरी सांगण्यासारखं त्यात काही नाही. एकोणपन्नासाव्या वर्षी डॉक्टरांनी रोज चालायला सांगितलं. चालणं मला फारच साधं वाटलं. मी जाड टायरची, एकवीस गिअरची, डोंगरात चालवायची सायकल घेतली आणि मेहरूण तलावाभोवतीच्या सपाट डांबरी रस्त्यावर चालवू लागलो. बायको म्हणाली, "उंदराच्या शिकारीला हत्ती कशाला?" मी हेल्मेट घातलेलं असल्यामुळे ऐकू न आल्यासारखं केलं. पुढे सायकलवाल्यांच्या एका ग्रुपमध्ये शिरलो. तिथे एके दिवशी कुणीही विचारलेलं नसताना जाहीर करून टाकलं की पालच्या वरच्या खडकाळ माळावरची नवी वाट मी शोधून काढणार आणि पुढच्या महिन्यात सगळ्यांना घेऊन जाणार. शाळेत असताना वर्गाचा मॉनिटर व्हायची माझी फार इच्छा होती. ती पन्नाशीला अशी बाहेर आली.

तिकडची माहिती असलेलं माणूस शेजारीच होतं. मी फोन घेऊन अक्कांच्या ओट्यावर जाऊन बसलो. पडद्यावर डोंगर होता, त्यावर हिरवी रेघ होती, चढ किती आणि उतार किती याचा आलेख होता. अक्कांनी चष्मा पुसून पाहिलं.

"याच्यात पानी कुठी हाये ते दिसतं का?"

"चढ दिसतो, अक्का."

"चढ तं डोयालेबी दिसतो. पानी?"

पाणी दिसत नव्हतं. मग त्यांनी जुन्या कॅलेंडरचं एक पान उलटं करून माझ्यापुढे ठेवलं आणि पेन्सिलीने वाट काढायला घेतली. हे चार संध्याकाळी चाललं. इथे नाला, इथला झरा होळीपर्यंत पुरतो. इथे काळे खडक, पावलं डावीकडून टाकायची. इथे मोहाचं झाड, त्याखाली बसायचं, पण आडवं व्हायचं नाही, कारण मग उठावंसं वाटत नाही. मी टायरमध्ये हवा किती ठेवावी ते बोलत होतो, त्या कुठल्या घरातला कुत्रा चावतो ते सांगत होत्या. काळ्या खडकांपाशी त्यांनी जोरात फुली मारली. "इथी सायकल खांद्यावर घेजो. लाज वाटू देऊ नको. मी डब्बा जलमभर खांद्यावरच नेला."

"अक्का, अशा जागेवरून चालवता यावी म्हणूनच तर ही सायकल घेतलीय."

"हां का?" त्या म्हणाल्या, आणि फुली आणखी गडद केली.

वाट टेंभीपाड्याला संपत होती. तिथे पोचल्यावर पेन्सिल थांबली. चौथ्या संध्याकाळी त्यांनी खरं काय ते सांगितलं. नोकरीच्या शेवटच्या वर्षी टेंभीपाड्याच्या पाच लेकरांना त्यांनी पहिला डोस दिला होता. रेलीबाई नावाची तिथली एक बाई या कामात त्यांचा उजवा हात. तिला सांगून आल्या होत्या, महिन्याने सोमवारी येते, पोरं तयार ठेव. त्या सोमवारी जाताना त्या नाल्यात पडल्या, गुडघा मोडला, आणि तिथून दवाखाना, ऑपरेशन आणि जळगाव. नंतर उपकेंद्रात फोन करून विचारलं तेव्हा सगळे डोस झाल्याचं सांगण्यात आलं.

"मग झालं तर," मी म्हणालो.

"कागदावर झालं. मी जलमभर कागद भरले, मले म्हाईत हाये. कागदावरची सुई लेकराले लागत नही." त्यांनी कॅलेंडरचं पान घडी करून माझ्या हातात दिलं. "दहा वरसं झाली, मास्तर. त्या बाया माह्या भरोशावर बसल्या व्हत्या. रेलीबाईले इचारजो, पाची लेकरं कशी हायेत. बाकी तुले सायकल खेयाची तशी खेय."

डिसेंबरमधल्या एका रविवारी मी आणि माझा धरणगावचा सहकारी भिकन, जो रसायनशास्त्र शिकवतो आणि माझ्या नादाला लागतो, असे दोघे निघालो. भिकनच्या मेहुण्याचा पिकअप केळी भरायला रिकामा रावेरला जात होता, त्यात केळीच्या वाळक्या पानांवर सायकली आडव्या टाकल्या. पालच्या पुढे उतरलो. माझ्या खिशात अक्कांचा कागद होता आणि हँडलवर फोन होता. जिथे कागद डावीकडे वळत होता तिथे फोनची हिरवी रेघ सरळ जात होती आणि बरीच जवळची दिसत होती. मी भूगोलाचा माणूस. मी सरळ गेलो.

ती हिरवी रेघ म्हणजे कोरडा नाला होता. त्यात टरबुजाएवढे दगड होते, आणि ते पायाखाली हलत होते. दोन तासांत आम्ही सायकलीवर मिळून दहा मिनिटं बसलो असू. मी एकदा करवंदीच्या जाळीत पडलो आणि एकदा काहीही कारण नसताना पडलो. मग माझं मागचं टायर बाजूने फाटलं. जास्तीची ट्यूब मी आणली होती, टायर आणलं नव्हतं. पाणी संपलं. पाडा वर कुठेतरी दिसत होता, दोन किलोमीटर असेल.

"सर," भिकन दगडावर बसून अहिराणीत म्हणाला, "मन्हा पाय गयात. पानी बी सरी गे. चला, मांगे फिरूत."

मागे फिरण्याआधी आम्ही पाड्याचा डोंगर मागे येईल असा फोटो काढला. ग्रुपवर तो फार गाजला.

संध्याकाळी अक्का फाटकातच उभ्या होत्या. एक गुडघा दुमडत नाही म्हणून त्यालाच धरून. "भेटली का रेली?" मी दमलो होतो, सोलवटलो होतो आणि ग्रुपवर नुकताच शूरवीर ठरलो होतो. तोंडातून निघून गेलं, "भेटली ना. पाचही मुलं मजेत आहेत. शाळेत जातात." अक्कांनी पदराने डोळे पुसले आणि त्या आत गेल्या. थोड्या वेळाने हाक आली. त्यांनी वरण-बट्टी आणि घोटलेली वांग्याची भाजी केली होती. खोटं बोलणाऱ्याची भूक मरते असं म्हणतात. मी चार बट्ट्या खाल्ल्या.

झोप मात्र गेली. दहा वर्षांपूर्वी ज्यांचा डोस चुकला त्या पाच मुलांना मी न बघता शाळेत घातलं होतं. त्यातलं एखादं नसलं तर? भिकनला सांगितलं तर तो म्हणाला, "सर, तुम्ही बोली टाकं, आते ते खरं ऱ्हावाले पाहिजे." म्हणजे आता मला ती मुलं धडधाकट हवी होती, अक्कांपेक्षाही जास्त. पंधरा दिवसांनी मी एकटाच गेलो. फोन पिशवीत टाकला आणि कॅलेंडरचं पान हातात धरलं. झरा होता. कुत्राही होता. फुलीपाशी आल्यावर सायकल खांद्यावर घेतली. लाज वाटायला तिथे कुणी नव्हतं, तरी थोडी वाटली.

रेलीबाई अंगणात तूर झोडत होती. बाजारात बोलतात तसं मराठी तिला येत होतं. मी अक्कांचं नाव घेतल्यावर तिने काठी खाली ठेवली.

"अक्का जिती हाय?"

"आहेत. जळगावला असतात. त्या सोमवारी त्यांना यायचं होतं, पण पाय मोडला."

"आमी बसलो होतो झाडाखाली," ती म्हणाली. "पाच बाया. दिवसभर. अक्का नाय आली. अक्का बोलली आन् आली नाय, असं कधी झालं नाय. मंग मी बोलली, अक्काला कायतरी झालं. ती येत नाय तर आपुन जाऊ. दुसऱ्या दिशी लेकरं घेऊन आमी खाली गेलो. पाचीला सुई मारून आणली."

तिने हाक मारली. एक मुलगी घरातून बाहेर आली आणि माझ्याकडे न बघता सायकलीचे गिअर मोजू लागली. बाकीची चौघं आश्रमशाळेत होती, त्यांची आणि पाची आयांचीही नावं रेलीबाईने सांगितली. मी त्या मुलीकडे बघत राहिलो. भर दुपारी, परक्या अंगणात, हेल्मेट घातलेला एक जाडा मास्तर रडू लागला आणि त्या मुलीला हसू आवरेना.

परतीच्या वाटेवर खरी अडचण लक्षात आली. माझ्याकडे अक्कांसाठी जगातली सगळ्यात चांगली बातमी होती, आणि ती सांगायची तर आधीची खोटी होती हे सांगावं लागणार होतं. जळगाव येईपर्यंत मी तीन वेगवेगळ्या गोष्टी रचल्या. अक्कांच्या ओट्यावर बसलो आणि तिन्ही विसरलो.

"अक्का, त्या दिवशी मी गेलोच नव्हतो. अर्ध्यातून परत आलो. खोटं बोललो. आज गेलो होतो."

आणि मग सगळं सांगितलं. पाच बाया, झाड, दुसरा दिवस. अक्का ऐकत होत्या. मी शिव्यांसाठी मान खाली घातली होती.

"कोन कोन उतरलं?" त्यांनी विचारलं. मी पाची बायांची नावं सांगितली. "कोन्या वाटीनं?" मी कॅलेंडरचं पान पसरलं. त्या वाटेवरून त्यांनी बोट फिरवलं, वरून खाली, फार हळू. काळ्या खडकांवर बोट थांबलं. "इथून? लेकरं कडेवर घेऊन?"

"इथूनच."

"माह्यी वाट पाहत बसल्या नहीत," त्या म्हणाल्या. पुन्हा एकदा म्हणाल्या. मग त्यांचा चेहरा असा उजळला की मी जरा धीर करून म्हणालो, "अक्का, ते मी खोटं बोललो त्याचं…"

"त्याचं मंग पाहू," त्या म्हणाल्या. "आधी रेलीबाई काय बोलली ते पयल्यापासून सांग."

मी पहिल्यापासून सांगितलं. नंतर कितीतरी वेळा सांगितलं. प्रत्येक वेळी शेवटी मी थांबायचो, आता बोलतील म्हणून. त्या चहा टाकायला उठायच्या. मागच्या चैत्रात, दोन दिवसांच्या तापात, अक्का गेल्या. माझा हिशेब करायचं मात्र त्यांच्याकडून राहूनच गेलं.