दुरुस्त केलेला बगळा

आमच्या घरातून कॉलेजात गेलेली मी पहिली, त्यामुळे तिथे काय शिकवतात हे घरी समजावून सांगायचं कामही माझ्याकडेच आलं. ते मला कधी नीट जमलं नाही. दुसऱ्या वर्षी आमच्या मॅडमनी निसर्गाचे सहा फोटो मागितले. फोटो चित्रासारखे दिसायला हवेत, पण छापल्यावर त्यांना हात लावायचा नाही. जे करायचं ते कॅमेऱ्यातच. या फोटोंचं कॉलेजात प्रदर्शन लागणार होतं आणि त्यावरून पुढच्या सत्रात छायाचित्रण कुणाला मिळेल ते ठरणार होतं. बाकीच्यांना वार्तालेखन. मला छायाचित्रण हवं होतं, इतकं की मी ते कुणाला सांगितलंही नव्हतं.

कॉलेजचा कॅमेरा दोन दिवसांसाठी मिळाला. तिरुवैयारूला जाणाऱ्या बसमधून अध्येमध्ये उतरून मी भाताच्या शेतांचे फोटो काढले. शटर सावकाश ठेवायचं आणि ते उघडं असतानाच कॅमेरा वरून खाली ओढायचा. भात म्हणजे हिरवे फटकारे होतात, पाणी म्हणजे राखाडी पट्टा, आणि उडणारा बगळा म्हणजे नुसता पांढरा ओरखडा. शेकडो फोटो वाया गेले. सहा जमले असं मला वाटलं.

प्रिंट घरी आणून जमिनीवर मांडले. अम्मा वाकून बघत म्हणाली, "काय गे, कॅमेऱ्याला मोतीबिंदू झालाय का?"

"हे असंच असतं, अम्मा."

"असंच असतं तर कॉलेजात कशाला जायचं? माझा चष्मा काढून देते, फुकट बघ."

अप्पा हसले नाहीत. ते तंजावूर चित्रांच्या कारखान्यात काम करतात, राजवाड्यामागच्या गल्लीत. सोन्याचा वर्ख बसला, रंग भरून झाले, की शेवटची काळी रेघ आणि देवाचे डोळे त्यांच्याकडे. ते खाली बसले आणि एकेक प्रिंट उजेडाकडे धरून पाहिला.

"साही कॉलेजात द्यायचे?"

"हो."

"सरी, ठीक आहे," म्हणाले, आणि उठले.

त्यांच्या कारखान्यात एक रीत आहे. दुसऱ्याच्या कामात चूक दिसली तर बोलायचं नाही. तो जेवायला गेला की गुपचूप दुरुस्त करून ठेवायची. बोललं तर त्याची लाज जाते. ही रीत मला लहानपणापासून माहीत होती. ती घरातही लागू होईल हे मात्र सुचलं नाही.

प्रदर्शनाच्या सकाळी वर्गात वर्तमानपत्राची गुंडाळी सोडली. तिसऱ्या प्रिंटवर पांढऱ्या ओरखड्याला चोच आली होती. डोळा आला होता, दोन पाय, पंखांचं एकेक पीस, सगळं केसाएवढ्या रेघेत. मागे सूर्य नव्हता, तोही आला होता, खऱ्या वर्खाचा. बगळा अतिशय सुंदर होता.

"हे काय?" मॅडमनी विचारलं.

"अप्पांनी दुरुस्त केलंय, मॅडम."

सगळा वर्ग हसला. मॅडम हसल्या नाहीत. थोडा विचार करून हळूच म्हणाल्या, "मिश्र माध्यम म्हणून लावता येईल. पण तू केलंस असं लिहावं लागेल."

फोटोला हात लावला तर बाद, पण लावणारा हात माझाच आहे असं खोटं लिहिलं तर चालेल! मी बराच वेळ पेन धरून उभी राहिले. अप्पांची हरकत नसती, त्यांनी आयुष्यात एकाही चित्रावर सही केलेली नाही. तरी लिहवेना. शेवटी पाचच फोटो लागले.

दुपारी अप्पा इस्त्रीची वेष्टी, सणावारी नेसायचं पांढरं धोतर, नेसून आले. पाचही फोटोंसमोर थांबले, मग ओळीच्या सुरुवातीला परत गेले.

"बगळा कुठाय?"

"काढला, अप्पा. वरून हात लावलेला चालत नाही."

त्यांनी मान हलवली. मग मला खांबाआड नेऊन आवाज खाली केला. "हे पाचही तसेच राहिले. मला वेळ पुरला नाही गे. आणि ऐक, तुझा हात किती दिवस कापतोय? अम्माला सांगितलं नाहीये मी."

मला आधी कळेचना. कळलं तेव्हा मी रिकाम्या हातांनी कॅमेरा धरल्यासारखं करून वरून खाली ओढून दाखवलं.

"मुद्दाम हलवते, अप्पा."

"मुद्दाम?"

"मुद्दाम."

त्यांनी माझा हात समोर धरायला लावला, बोटं पसरून, कारखान्यात नव्या माणसाचा बघतात तसा. बराच वेळ पाहिला. मग तोंडभर हसले, आणि तिथल्या शिपायाला उगाचच विचारलं, "चहा कुठे मिळतो इथे?"

पुढच्या आठवड्यात यादी लागली. मी वार्तालेखनात. घरी सांगितलं तेव्हा अप्पा म्हणाले, "असू दे, हात चांगला आहे." कारखान्यातही त्यांनी सगळ्यांना सांगितलंय, मुलीचा हात पक्का आहे, ती मुद्दाम तसं करते. हात पक्का आहे हे तिथे सगळ्यांना पटलं. मुद्दाम करते हे कुणालाच पटलेलं नाही.