आधी दार, मग यजमान

गंगणे सर कुठंही गेले की आधी दार बघत. मंगल कार्यालय असो, बँक असो की न्हाव्याचं दुकान. यांची खुर्ची दाराजवळच. "आदी दार बघावं, मंग यजमान," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. लातुरात आमच्या कोचिंग क्लासमध्ये ते जीवशास्त्र शिकवत. पोरं म्हणत, सर बेडूक फाडायच्या आधी त्यालासुद्धा पळायची वाट दाखवतात.

भूकंपात त्यांचं गाव गेलं, एवढंच आम्हाला ठाऊक. घरच्यांचं विचारलं की म्हणत, "पुढचा धडा काढा." आणि मी हा असा वात्रट! चौदा वर्षं सांगत फिरलो, "जमीन हलायच्या आत आमचे सर गाव सोडून पार लातुरात, रेणापूर नाक्यावर!"

एका वर्षी निकाल जोरात लागला, म्हणून क्लासच्या मालकांनी आम्हा मास्तरांना कोकणात फिरायला नेलं. आम्ही गेलो त्या टोकाला तिन्ही बाजूंनी समुद्र, मधे जंगल. झाडी इतकी दाट, की भर दुपारी ड्रायव्हरनं दिवे लावले आणि एका बिबट्यानं आम्हाला साइड दिली. समुद्र बघून रसायनाचे मास्तर कळवळले, "एवढं पानी! आन् आपल्याकडं नळ दहा दिसाला!"

जेवायला कड्यावरच्या एका खानावळीत बसलो. सर अर्थातच दारापाशी. पहिला घास घेतला आणि जमिनीखालून गुडगुड आली. ताटं थरथरली. लातूरच्या माणसाला अशा वेळी काही सांगावं लागत नाही. आम्ही सगळे अंगणात. माझ्या तर हातात तळलेला मासा तसाच. आमच्या सवयीनं माणसं मोजली. एक कमी. गंगणे सर!

"ते काय सापडतेत? पुण्याला पोचले असतील!" मी म्हणालो. कुणी हसलं नाही. दारापाशी त्यांच्या चपला तशाच होत्या.

तेवढ्यात सर आतून धावत आले. छातीशी खानावळवाल्या बाईंची तीन वर्षांची, झोपेतली पोर. मागून बाई ओरडत, "अवो मास्तर, भरती ती! खालच्या गुहेत लाट आपटता. माझ्या चेडवाक खंय नेतास?"

सरांची मिठी सुटेना. मी हात लावला, तर म्हणाले, "ऱ्हाऊ द्या थोडं. तवा मी एकलाच भाईर आल्तो. माझी आत निजलेली व्हती."

माझ्या हातातला मासा कधी गळून पडला, मला कळलं नाही. पोर जागी होऊन रडायला लागली, तेव्हा कुठं सरांनी ती आईकडं दिली.

परतताना बसच्या दाराजवळची जागा सगळ्यांनी सरांसाठी सोडली होती. सर ती ओलांडून पार मागं गेले.

"दारापाशी तुमी बसा," मला म्हणाले. "समदे उतरले की मी येतो."